कारवान कुत्रा आणि दोनशे रुपयांची पावती



या पानावर आम्ही आजवर मुलांचे शिक्षण, बचत गटाचे हिशेब, लग्नातील वायफळ खर्च असे विषय घेत आलो. आज कुत्र्यावर लिहीत आहोत. "माणसांचे प्रश्न संपले काय हो?" असे आमच्या कचेरीतील एका मित्राने विचारलेच. संपलेले नाहीत. परंतु ज्या घरात महिन्याची मिळकत पंधरा तारखेलाच संपते, त्या घरातून सहा हजार रुपये एका पिल्लापायी जातात, आणि तेही कर्जाचे, तेव्हा तो माणसांचाच प्रश्न होतो. आणि कुत्र्याची माया आपल्याला परकी आहे असेही नाही. राजगृहातील १९३४ सालचे बाबासाहेबांचे कौटुंबिक छायाचित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. त्यात यशवंतराव, रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आहेत आणि पायाशी बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. आता पुन्हा पाहाल तेव्हा त्याच्याकडेही लक्ष द्या.

आमचे थोरले बंधू जत तालुक्यात राहतात. दीड एकर कोरडवाहू जमीन, उरलेले दिवस द्राक्षबागेत मजुरी. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, टेम्पोवर कामाला जातो. त्याला लहानपणापासून कारवानचा नाद. हा कुत्रा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट, उंच पाय आणि खाली वाकलेली लांब शेपटी. खांद्यापाशी सव्वादोन फुटांच्या आसपास उंच, पण अंगावर चरबी म्हणाल तर नाहीच. वासापेक्षा नजरेने सावज हेरणारा आणि पळू लागला म्हणजे जमिनीला पाय लागतात की नाही असे वाटायला लावणारा. गुळगुळीत अंगाच्या कुत्र्याला आपल्याकडे कारवान किंवा कारवानी म्हणतात. कानाला, शेपटीला रेशमी झालर असली की तो पश्मी. लातूरकडची पश्मी नावाजलेली आहे. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात घटप्रभेच्या काठी मुधोळ आहे, त्यावरून याला मुधोळ हाउंड हे नाव पडले. फार पूर्वी अरब, इराणी, अफगाण काफिल्यांबरोबर हे कुत्रे दख्खनमध्ये आले असे मानतात. म्हणूनच कारवान.

मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची पैदास जोपासली आणि इंग्लंडचे बादशहा पंचम जॉर्ज यांना ते भेट दिले, ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. ती खरी आहे, परंतु अर्धी. राजवाड्यात येण्यापूर्वी हा कुत्रा बेरडांच्या झोपडीत आणि धनगराच्या वाड्यावर राखणीला होता. त्याला ज्वारीच्या कण्या घालून कोणी जगवला, त्यांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. असो.

पुतण्याच्या पहिल्या पिल्लाची हकीकत अशी. आठवड्याच्या बाजारात एक इसम मोटारसायकलला पिशवी लावून पिल्ले विकत होता. "मुधोळचं अस्सल, दोन महिन्यांचं, कागदासकट" असे त्याने सांगितले. कागद म्हणजे काय, तर इंग्रजीत छापलेले, सोनेरी काठाचे, शिक्का मारलेले एक रंगीत पत्र. किंमत ६ हजार. मुलाने तीन दिवस जेवण सोडले, तेव्हा वहिनींनी बचत गटातून उचल घेतली. पिल्लू घरी आले. पाचव्या दिवशी खाईना. सातव्या दिवशी रक्ताची हगवण लागली. पुतण्याने आम्हाला फोन केला, "काका, पिल्लू मान टाकायलंय." आम्ही कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. गुरांच्या दवाखान्यात नेले, सलाईन लावले. नवव्या दिवशी ते गेले. डॉक्टर म्हणाले, पार्वो. लस नव्हती. पिल्लू गेले आणि हप्ता राहिला. पुढे दहा महिने वहिनी दर महिन्याला गटाच्या बैठकीत मेलेल्या कुत्र्याचे पैसे भरत होत्या, आणि बायका काय बोलत असतील ते आम्ही लिहीत नाही.

त्याच दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "तुम्ही मंडळात का येत नाही? दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कारवानवाले इथंच जमतात." तालुक्यात असे मंडळ आहे याचा आम्हाला पत्ताच नव्हता. कुत्र्यांचे मंडळ म्हणजे बंगलेवाल्यांचा षोक, अशी आमचीही समजूत होती.

त्या रविवारी आम्ही दोघे गेलो. लिंबाच्या झाडाखाली वीस-बावीस माणसे, तितकीच कुत्री. मेंढपाळ होते, रिक्षावाला होता, शाळामास्तर होते, शिलाईकाम करणारी एक बाई होती आणि जीपमधून आलेले दोन बागायतदारही होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पहिला प्रश्न केला, "गाव कोणतं? आडनाव काय?" या प्रश्नाचा अर्थ आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. आम्ही आडनाव स्पष्ट सांगितले. क्षणभर शांतता झाली. मग शेजारचा मेंढपाळ म्हणाला, "आडनाव ऱ्हाऊ दे, कुत्रं काय झालं ते सांग पोरा." पुतण्याने सगळे सांगितले. तो रंगीत कागद दाखविला. मास्तरांनी तो हातात घेतला आणि हसले नाहीत, याचे आम्हाला आजही बरे वाटते. ते म्हणाले, यावर आईबापाचे नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही, हा कागद छापखान्यात शंभर रुपयांना शंभर मिळतो.

दात कसे होते, असे मेंढपाळाने विचारले. पुढचे सुईसारखे नुकतेच वर आले होते, दाढा नव्हत्याच, असे पुतण्याने सांगितले. म्हणजे पिल्लू जेमतेम महिन्याचे होते. दोन महिन्यांच्या पिल्लाच्या तोंडात सगळे दुधाचे दात आलेले असतात. आईचे दूध तुटलेले, प्रवासात हाल झालेले, लस नसलेले पिल्लू, ते जगणार कसे? एवढी साधी गोष्ट बाजाराच्या दिवशी माहीत असती तर ६ हजार वाचले असते. त्या दिवशी आम्ही दोनशे रुपये भरून वर्षाची पावती फाडली. पुतण्याच्या नावाने.

मंडळात राहून काय मिळते, हे आता तीन वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मंडळाची वही. जाड पुठ्ठ्याची, आडव्या पानांची. कोणती मादी कोणत्या नराला कधी दाखविली, किती पिल्ले झाली, किती जगली, कोणाकडे गेली, हे सर्व त्यात असते. मादी सुमारे त्रेसष्ट दिवसांनी विते, त्यामुळे तारखा लपविता येत नाहीत. लोक याला जातिवंत कुत्र्यांची वही म्हणतात. जातिवंत हा शब्द ऐकला की आपले कान टवकारतात. आमचेही टवकारले. माणसात ज्या गोष्टीविरुद्ध आपण जन्मभर उभे राहिलो, तिचे कुत्र्यात कौतुक करायचे काय? आम्ही ही शंका बैठकीत बोलून दाखविली. मास्तरांनी वही उघडून एक पान दाखविले. एका गावात चांगला पळतो म्हणून एकच नर सर्वांनी वापरला, मग त्याच्याच मुलींना तोच दाखविला. तिसऱ्या खेपेला पिल्ले मेलेली, अधू, वांझ. म्हणजे ही वही रक्त शुद्ध ठेवण्यासाठी जितकी आहे, त्याहून अधिक जवळचे रक्त जवळ येऊ नये यासाठी आहे. दूरच्या गावचा नर आणा, हे ती सांगते. याउलट शर्यत जिंकण्यासाठी काही जण विलायती ग्रेहाउंडशी संकर करतात आणि पिल्ले कारवान म्हणून विकतात. ती लबाडीही वहीतच सापडते. आम्ही आमच्यापुरता तोडगा काढला आहे. आम्ही जातिवंत न म्हणता "वाणाचा" म्हणतो. बियाण्याचा वाण असतो तसा. मेंढपाळांना तो शब्द पटला आहे. बागायतदारांना नाही.

दुसरे, लस. एकट्याने लस आणायची तर तालुक्याला जा, कुपी थंड ठेवा, डॉक्टर नसले तर परत या. मंडळ वर्षातून एक दिवस ठरवते. मोठी कुपी आणली की अनेक कुत्र्यांना पुरते, खर्च वाटून जातो. पार्वो आणि डिस्टेंपरची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या मात्रा, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनी आणि नंतर डॉक्टर सांगतील तशी, आमच्याकडे दरवर्षी. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून ज्या अंगणात पिल्लू दगावले तेथे वर्षभर लस न झालेले दुसरे आणू नका, फरशी ब्लीचिंग पावडरीने धुवा, हेही आम्हाला मंडळातच कळले. पुतण्या तर पुढच्याच बाजाराला दुसरे आणायला निघाला होता. लसीच्या दिवशी आम्ही वस्तीतली गावठी कुत्रीही घेऊन जातो. यावर सुरुवातीला कुरकुर झाली. रेबीज वाण पाहून होत नाही, असे डॉक्टरांनीच सुनावले, तेव्हा थांबली. आणि लस असो वा नसो, कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. हळद-चुना लावून घरी बसायचे नाही.

काही गोष्टी या वाणाच्याच असतात, त्या जाणकारांशिवाय कोणी सांगत नाही. कारवानच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतातच. ती उपासमार नव्हे. पाहुणे मात्र "खायला घालत नाही का?" म्हणतात आणि आपण भरीला पडून त्याला जाड करतो. पोटभर खाल्ल्यावर त्याला लगेच पळवू नये. खोल छातीच्या कुत्र्यात जठर पिळवटते आणि काही तासांत जीव जातो. रिक्षावाल्या सभासदाचा कुत्रा असाच गेला. तो दर बैठकीला हे नव्या माणसाला सांगतो, न विचारता सांगतो. तसेच, अंगात चरबी कमी असल्याने भुलीच्या औषधाचा याच्यावर परिणाम जास्त काळ राहू शकतो. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना "हा कारवान आहे" एवढे अवश्य सांगावे. साखळीला बांधून ठेवलेला कारवान चिडका होतो, त्याला दररोज मोकळे पळायला हवे. ज्या कुटुंबाची एकच खोली आहे, दोघेही कामावर जातात, त्यांना मंडळ पिल्लू देत नाही. आमच्या डोळ्यांदेखत तिघांना नाही म्हटले. एकाला राग आला, पण त्याचे पैसेही वाचले आणि कुत्र्याचे हालही.

आता कायद्याचे. कारवान पाळणाऱ्या पोरांना ससा मारण्याची खुमखुमी असते. पूर्वी चालत होते, आता चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये सशाची शिकार हा गुन्हा आहे. वन खात्याने पकडले तर बागायतदाराचा मुलगा वकील करतो. मजुराचा मुलगा पुढची सगळी वर्षे नोकरीच्या अर्जात "गुन्हा दाखल आहे काय?" या रकान्यापाशी अडतो. जिवंत ससा सोडून कुत्री पळविणे हीही क्रूरताच, तिला १९६० चा कायदा आहे. आमच्या मंडळाने हे ठरावात लिहून घेतले आहे. जो शिकारीला जाईल त्याची पावती रद्द. पुतण्याचे दोन मित्र मंडळात आले नाहीत ते याच कारणाने. त्यातील एकाची तारीख सध्या चालू आहे.

पैदाशीसाठी २०१७ चे केंद्र सरकारचे नियम आहेत. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. अठरा महिन्यांच्या आतील आणि आठ वर्षांवरील मादी वापरायची नाही. तिची आयुष्यात पाचहून अधिक बाळंतपणे करायची नाहीत. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकायचे नाही. बाजारातला तो पिशवीवाला यातला एकही नियम पाळत नव्हता. हे नियम इंग्रजीत आहेत. त्यांचे मराठी टिपण करून दवाखान्याच्या भिंतीवर लावण्याचे काम आम्ही केले.

मंडळात सर्व गोड आहे असे मात्र समजू नका. पहिल्या वर्षी जमाखर्चच नव्हता. बी.कॉम. झालेला कारकून दिसल्यावर हिशेबाची वही आमच्या गळ्यात पडणार हे ठरलेलेच होते. ती आम्ही घेतली आणि मागील पावत्या मागितल्या. त्यावरून दोन बैठका भांडणात गेल्या. खुर्च्या सहा आणि माणसे वीस, तर खुर्चीवर कोण बसणार हाही प्रश्न होताच. आता खुर्च्या आणतच नाहीत, सर्व जण सतरंजीवर बसतात. ज्यांना पटले नाही ते दोघे येत नाहीत.

एकदा मंडळाने मुधोळजवळ तिम्मापूरला सहल नेली. तेथे कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. सर्वांनी वर्गणी काढून टेम्पो केला, तो पुतण्याच्याच मालकाचा होता. केंद्रात स्वच्छ पिंजरे, प्रत्येकावर नोंदीची पाटी, पिल्ले नोंदणीने मिळतात. याच वाणाचे कुत्रे २०१६ साली सैन्याने तपासणीसाठी मेरठला नेले होते. २००५ साली पोस्टाने याचे तिकीटही काढले. एक गंमत म्हणजे नाव अजून एक नाही. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी हा कारवान हाउंड, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या दप्तरी मुधोळ हाउंड. तिकडे कागद करायचे असतील तर कोणते नाव लिहायचे, हेही मंडळातच कळते. परतीच्या वाटेवर पुतण्या काहीच बोलला नाही. जमखंडी सोडल्यावर म्हणाला, "काका, तिथं माझ्यासारखीच पोरं कामाला हायत. डॉक्टरच्या हाताखाली." त्याने आता पशुधनविषयक पदविकेची चौकशी चालविली आहे. प्रवेश मिळेल की नाही ते पुढचे पुढे.

वर्ष उलटल्यावर मंडळातूनच त्याला मादी पिल्लू मिळाले. रोख पैसे नाहीत. पुढे पिल्ले झाली की त्यातील दोन परत द्यायची, या बोलीवर, आणि बोली वहीत लिहून. तिचे नाव चिमणी. गेल्या साली ती व्याली. सहा पिल्ले, एक तिसऱ्या दिवशी गेले. दोन बोलीप्रमाणे दिली, एक नराच्या मालकाला गेले, दोन विकली, आठ आठवडे पूर्ण झाल्यावर आणि लसीच्या कार्डासह. चिमणीचे खाणे, औषध, लस हा खर्च वजा जाता हातात काय उरले ते आम्ही मांडून पाहिले. वहिनींना एक नवी शिलाई मशीनसुद्धा आली नसती. जुनी दुरुस्त झाली. तेव्हा कोणी धंदा म्हणून याकडे धाव घेऊ नये. ज्याला कुत्र्याची आवड आहे आणि ज्याच्याकडे पळायला जागा आहे, त्यानेच यात पडावे.

आपल्या तालुक्यात असे मंडळ नसेल तर सात जणांनी मिळून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली ते नोंदविता येते. घटना, ठराव, सात जणांच्या सह्या, धर्मादाय कार्यालयात अर्ज. नोंदणीची घाई नसेल तर नुसती एक वही आणि गुरांच्या दवाखान्यातील डॉक्टरांची ओळख एवढ्यावरही सुरुवात होते. हिशेब मात्र पहिल्या दिवसापासून लिहावा.

मागील महिन्याच्या बैठकीला एक ताई आल्या होत्या. कुक्कुटपालन केंद्रावर कामाला जाणाऱ्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत पिल्लू आणि सोनेरी काठाचा तोच रंगीत कागद. पुतण्याने कागदाकडे पाहिलेही नाही. पिल्लाला मांडीवर घेतले, अंगठ्याने त्याचा ओठ वर सारला आणि दात पाहिले. मग विचारले, "ताई, पैसे दिले का अजून?"

"इसार दिलाय. पाचशे."

"बाकीचे देऊ नका," तो म्हणाला, आणि डॉक्टरांना हाक मारायला आत गेला.